कासवाच्या पाठीलाही कळतं

एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यातली तळी आणि पाझर तलाव आटले की गाळ काढायची कामं सुरू होतात. जेसीबीचं बकेट ओलसर काळ्या गाळात घुसतं आणि त्या गाळाबरोबर कधीकधी एखादं कासवही वर येतं. ते तिथे स्वतःला गाडून घेऊन पावसाची वाट बघत पडलेलं असतं. मग भोवती माणसं जमतात. लेकरं काठीनं पाठीवर टकटक करून बघतात, कुणी पायानं उलटं करतं, आणि कुणीतरी जाणता माणूसच म्हणतो, "त्याला काय लागतंय? पाठ म्हंजी नुसता दगूड हाय."

पण तो दगड नाही. पाठीवर काठी टेकली की कासवाला ते कळतं, आणि कुठे टेकली तेही कळतं. इतकं नेमकं कळतं की काही जागी स्पर्श झाला तर मागचा पाय बरोबर त्याच जागी पोचून ती जागा घासतो. एवढ्या जाड कवचातून हे होतं कसं, ते समजायचं तर आधी कवच म्हणजे काय ते नीट बघावं लागेल, कारण आपली पहिली चूक तिथेच होते.

लहानपणापासून आपण ऐकलेलं असतं की कासव आपलं घर पाठीवर घेऊन फिरतं. चित्रांमध्ये तर ते कवचातून बाहेर पडून पुन्हा आत शिरतानाही दाखवतात. गोगलगाईचा शंख आणि कासवाचं कवच आपण मनात एकाच खणात ठेवलेलं असतं. खरी गोष्ट अशी की कासव कवचात राहत नाही. कवच हा कासवाच्या शरीराचाच भाग आहे. मेलेल्या कासवाचं रिकामं कवच एखाद्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत असेल तर ते उलटं करून आत बघा. छताच्या मधोमध मणक्यांची रांग गेलेली दिसेल. कासवाच्या मानेत आठ मणके असतात आणि धडात दहा. धडातले हे मणके वरच्या हाडाला पक्के जोडलेले असतात, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बरगड्या पसरत जाऊन त्या छतातच मिसळून गेलेल्या दिसतात. म्हणजे आपण जिला ढाल म्हणतो ती कासवाची रुंद झालेली पाठ आहे. पोटाकडच्या सपाट कवचात गळपट्टीची हाडं आणि पोटावरची हाडं एकत्र आलेली असतात. सगळी मिळून पन्नास-साठच्या घरात हाडं या कवचात गुंतलेली आहेत. कासवाला कवचातून काढणं म्हणजे त्याचा कणा आणि बरगड्याच उपटून काढणं.

यात आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. आपला हात मागे नेऊन खांद्याचं पातं चाचपून बघा. ते बरगड्यांच्या बाहेर, पाठीच्या बाजूला लागतं. खांद्याचं पातं असलेल्या इतर प्राण्यांचंही तसंच आहे. कासवाचं पातं मात्र बरगड्यांच्या आत असतं. अंड्यात पिलू घडत असताना त्याच्या बरगड्या छातीकडे वळत नाहीत. त्या बाजूला, त्वचेच्या थरात वाढत जातात आणि खांद्यावर छपरासारख्या पसरतात. मग या बरगड्यांच्या मधल्या जागा हाडानं भरून येतात.

हे एका दिवसात झालेलं नाही. चीनच्या ग्वेइझो प्रांतात सापडलेल्या एका जीवाश्माचं वर्णन २००८ साली प्रसिद्ध झालं. ओडोन्टोकेलिस असं त्याचं नाव. वय सुमारे २२ कोटी वर्षं. त्याच्या तोंडात दात होते, पोटाचं कवच पूर्ण होतं, पण पाठीवर अजून छत झालेलं नव्हतं, नुसत्या रुंद बरगड्या होत्या. त्याहून जुना, २६ कोटी वर्षांपूर्वीचा युनोटोसॉरस दक्षिण आफ्रिकेत सापडला. त्याच्याही बरगड्या फताड्या होत्या. बचावासाठी बरगड्या रुंद झाल्या म्हणावं तर एवढ्या अर्धवट ढालीचा उपयोग काय, हा प्रश्न बरेच दिवस अडला होता. २०१६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी असा विचार मांडला की रुंद बरगड्यांनी धड ताठ राहतं, आणि जमीन उकरणाऱ्या प्राण्याला त्याचा फायदा होतो. म्हणजे ढाल व्हायच्या आधी ती खोदकामाची सोय असावी. मला हा विचार पटतो. आजही गाळात शिरून उन्हाळा काढणारं आपल्याकडचं कासव बघितलं की तो जास्तच पटतो.

एवढं सांगायचं कारण असं. कवच बाहेरून आणून चिकटवलेलं नसेल, पाठीचंच कवच झालं असेल, तर पाठीला आधीपासून ज्या नसा येत होत्या त्या जातील कुठे? त्या तिथेच आहेत.

आता थर बघू. आणि यासाठी आपल्याकडच्या माणसाला सगळ्यात जवळचं उदाहरण बैलाच्या शिंगाचं आहे. पोळ्याच्या आधी शिंगं साळतात, मग हिंगूळ लावतात. साळताना वरचा भाग निघत जातो आणि बैल शांत उभा राहतो. पण हात जास्त खोल गेला तर बैल झटका देतो, आणि शिंग मोडलं तर रक्ताची धार लागते, हे बैल बाळगणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. कारण शिंगाच्या आत जिवंत हाड असतं, त्या हाडावर रक्तवाहिन्या आणि नसांनी भरलेला पातळ थर असतो, आणि सगळ्यात बाहेर केराटिनची टोपी असते. केराटिन म्हणजे ज्याची नखं, खूर आणि केस बनतात ते प्रथिन. त्यात जीव नसतो, नस नसते, रक्त नसतं.

कासवाच्या पाठीची रचना अगदी हीच आहे. सगळ्यात बाहेर केराटिनच्या चकत्या. बहुतेक कासवांच्या पाठीवर त्यातल्या मोठ्या तेरा असतात, मधल्या रांगेत पाच आणि दोन्ही बाजूंना चार-चार. कडेनं लहान चकत्यांची झालर असते. चकत्यांच्या खाली जिवंत त्वचेचा पातळ थर आहे. त्यात रक्तवाहिन्या आहेत, नसांची टोकं आहेत, आणि नवं केराटिन तयार करणाऱ्या पेशीही आहेत. त्याच्या खाली हाड, आणि हाडावरचं जे पातळ आवरण असतं त्यातही नसा भरपूर असतात. आपल्या नडगीला पलंगाचा कोपरा लागतो तेव्हा डोळ्यांत पाणी येतं ते या आवरणातल्या नसांमुळे.

चकत्यांचे सांधे आणि खालच्या हाडांचे सांधे एकमेकांवर येत नाहीत, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. वरची भेग खालच्या हाडाच्या मध्यावर पडते. त्यामुळे एका जागी पडलेला मार सरळ आत शिरत नाही, पसरतो. चकती वाढते ती कडेनं आणि खालून. जुन्या चकतीखाली नवी, थोडी मोठी चकती तयार होते, म्हणून जमिनीवरच्या कासवांच्या पाठीवर कड्यांवर कडी दिसतात. ही कडी मोजून वय सांगणारे बरेच भेटतात, पण कडं वर्षाला एकच पडतं असं नाही. चांगला पाऊसकाळ आणि भरपूर चारा असला तर वाढ वेगळी, दुष्काळात वेगळी.

हाड जिवंत आहे म्हणजे किती जिवंत, याचा एक दाखला उत्तर अमेरिकेतल्या रंगीत कासवांचा आहे. हिवाळ्यात तळ्यावर बर्फ जमतो आणि ही कासवं तळाशी महिनोन्महिने जवळजवळ प्राणवायूशिवाय राहतात. प्राणवायू नसला की शरीरात लॅक्टिक आम्ल साचतं, आणि तेवढ्या आम्लानं दुसरे बहुतेक प्राणी मरतील. या कासवाचं कवच आपल्यातले क्षार सोडून ते आम्ल मारतं आणि त्यातलं बरंचसं लॅक्टेट, म्हणजे त्या आम्लाचाच अंश, स्वतःच्या हाडात साठवून घेतं. दगडाला हे जमत नाही.

आता स्पर्शाकडे येऊ. त्वचेत असलेल्या काही नसांची टोकं दाबाला, ताणाला किंवा थरथरीला प्रतिसाद देतात. पेशीच्या पडद्यात प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. पडदा ताणला की दार उघडतं, विद्युतभार असलेले कण आत घुसतात आणि नसेत एक छोटा विजेचा संदेश निघतो. २०१० साली आर्डेम पॅटापुटियन यांच्या गटानं उंदराच्या पेशींमध्ये अशी दोन प्रथिनं शोधली, पिएझो-१ आणि पिएझो-२. त्यातलं दुसरं हलक्या स्पर्शासाठी महत्त्वाचं आहे. या शोधासाठी पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, त्यांच्या जोडीला उष्णतेची जाणीव उलगडणारे डेव्हिड ज्युलियस होते.

कासवाच्या बाबतीत गंमत अशी की बोट टेकतं ते निर्जीव चकतीवर, आणि जाणीव होते ती तिच्या खाली. चकती कडक असल्यामुळे ती दाब गिळून टाकत नाही. तो किंचित खाली सरकतो आणि चकतीच्या खालच्या, चकत्यांच्या सांध्यांमधल्या आणि कडेच्या जिवंत थराला ताण देतो. कडकपणा इथे अडथळा न होता मध्यस्थ होतो. नखावर काडीनं हळूच टिचकी मारून बघा, ती तुम्हाला कळते. भूमध्य समुद्राभोवती आढळणाऱ्या दोन जातींच्या जमिनीवरच्या कासवांवर १९८६ साली झालेल्या प्रयोगांत पाठीचं आणि पोटाचं, दोन्ही कवचं स्पर्शाला आणि कंपनाला संवेदनशील असल्याचं दिसलं.

हा संदेश जातो कुठे? धडातल्या एकेका मणक्याजवळून नसांची एकेक जोडी निघते आणि दोन्ही बाजूंना बरगड्यांच्या सोबतीनं पसरते. म्हणून पाठीचा एकेक आडवा पट्टा एकेका नसेच्या वाट्याला येतो. कासवाच्या बाबतीत हे पट्टे प्रयोगांनी आखून काढलेले आहेत, आणि ते कवचाच्या कडेपर्यंत पोचतात. मेरुरज्जूला, म्हणजे कण्याच्या आतून जाणाऱ्या नसांच्या जाड दोराला, कुठल्या नसेतून बातमी आली एवढं कळलं, की जागेचा अंदाज तिथेच लागतो.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठात पॉल स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून मिळाला. १९८० च्या दशकात त्यांनी लाल कानाच्या पाणकासवांवर प्रयोग केले. ही तीच कासवं, जी आज आपल्याकडच्या मत्स्यालयांच्या दुकानांत रुपयाएवढ्या आकाराची असताना काचेच्या भांड्यात विकायला ठेवलेली दिसतात. प्रयोगात कासवाच्या मेरुरज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडलेला होता. म्हणजे मागच्या पायांना मेंदूकडून कुठलीही आज्ञा येऊ शकत नव्हती, आणि पाठीवरची बातमी मेंदूपर्यंत जाऊ शकत नव्हती. अशा कासवाच्या कवचावर एका बोथट काडीनं हलकेच घासलं.

मागचा पाय उठला आणि बरोबर त्या जागी जाऊन घासू लागला.

पुढे बघितलं तर पाय जागेप्रमाणे रीत बदलत होता. पुढच्या आणि मागच्या पायाच्या मधे, जिथे वरचं आणि खालचं कवच जोडलेलं असतं, तिथे काडी लावली तर पाय पुढे येऊन पावलाच्या वरच्या बाजूनं ती जागा घासायचा. मांडीच्या पुढे कवचाखाली त्वचेची जी घडी असते तिथे काडी लावली तर पाऊल बाजूला राहायचं आणि गुडघ्याची बाजू काम करायची. शेपटीजवळ लावली तर टाच. १९८५ साली या तीन वेगवेगळ्या रीतींचं वर्णन प्रसिद्ध झालं. या तीन प्रदेशांच्या सीमेवर काडी लावली तेव्हा तर आणखी नवल दिसलं. तिथे कधी एक रीत यायची, कधी दुसरी, कधी एकाच खाजवण्यात एकीकडून दुसरीकडे बदल व्हायचा. एका फटक्याला पावलानं, पुढच्याला गुडघ्यानं, आणि मधे जराही अडखळणं नाही.

याचा अर्थ मला फार मोठा वाटतो. कवचावरच्या स्पर्शाची जागा नसांना कळत नसती, तर पायाला कुठे जायचं ते कळलंच नसतं. आणि हा सगळा हिशेब मेंदूला न विचारता, पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत होतो. तिथे जागेची ओळख आहे, पाय तिथपर्यंत नेण्याची आखणी आहे आणि घासण्याचा ताल आहे. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की एखादा स्पर्श इतका पुसट असला की त्यानं पाय हललाच नाही, तरी त्याची खूण मेरुरज्जूत काही सेकंद टिकून राहते. त्या काही सेकंदांत दुसरा तसाच पुसट स्पर्श झाला तर दोघांची बेरीज होते आणि पाय उठतो. म्हणजे मुंगी चढली, थांबली, पुन्हा हलली, तर पाठ तिला लक्षात ठेवते.

प्राण्याचा मेरुरज्जू तोडून केलेले प्रयोग वाचताना मन कचरतं, माझंही कचरलं. पण पायांच्या हालचालींची लय कण्यातच कशी तयार होते हे या कासवांनी शिकवलं, आणि कण्याला दुखापत झालेल्या माणसांच्या अभ्यासातही याच जातीच्या ज्ञानाची गरज लागते. त्या कासवांबद्दल कृतज्ञता वाटली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कासवाला पाठीवरचा स्पर्श कळून उपयोग काय, असा प्रश्न येईल. उपयोग बरेच आहेत. जमिनीवरच्या अनेक जातींत नर मादीच्या कवचाला धडका देतो, पुनःपुन्हा देतो. तो त्यांच्या मीलनाचा भाग आहे, आणि मादीला त्या धडका कळल्या नाहीत तर त्यांना अर्थच राहत नाही. खडकाखाली किंवा मुळाखाली शिरताना पाठ कुठे अडकतेय ते कळलं नाही तर कासव तिथेच मरेल. समुद्रातली हिरवी कासवं खडकावर पाठ घासताना दिसतात. हवाई बेटांजवळ ती ठरावीक जागी येऊन थांबतात आणि पिवळे मासे त्यांच्या कवचावरचं शेवाळ खाऊन पाठ साफ करतात. गॅलापागोस बेटांवरच्या अजस्र कासवांचं तर बघण्यासारखं आहे. फिंच नावाचे छोटे पक्षी समोर येऊन उड्या मारू लागले की कासव चारी पाय ताठ करून उंच उभं राहतं, मान लांब करतं आणि तसंच स्तब्ध राहतं. मग पक्षी त्याच्या कातडीच्या घड्यांतल्या गोचिड्या वेचतात.

थरथरीचंही महत्त्व आहे. कासवाला बाहेरून कान दिसत नाहीत, कानाचा पडदा कातडीखाली झाकलेला असतो आणि त्याला खालच्या पट्टीतले, जाडे आवाज जास्त कळतात. पोटाचं कवच जमिनीला टेकलेलं असताना पावलांचा धक्का त्याला तिथूनही मिळतो.

इथे मला एक विचार सुचतो. इंद्रियं आवरून धरणाऱ्या माणसाला कासवाची उपमा द्यायची आपली जुनी रीत आहे. शिवमंदिरात गाभाऱ्यापुढे दगडी कासव असतं, त्याचाही अर्थ जाणती माणसं असाच सांगतात. डोकं, पाय, शेपूट आत घेतली की कासवानं जगाशी संबंध तोडला, असं आपल्याला वाटतं. त्या उपमेत सांगितलेला संयम माणसासाठी खराच मोलाचा आहे. पण जिवंत कासवाची सगळ्यात मोठी, सगळ्यात उघडी बाजू आत घेता येत नाही. डोळे मिटून आत बसलेल्या कासवाच्या पाठीवर तुम्ही काठी वाजवता तेव्हा प्रत्येक टक त्याला पोचत असते, आणि पळून जाण्याचा मार्ग त्यानं आपणच बंद केलेला असतो.

आता आपल्या मराठवाड्यातल्या कासवांकडे येतो, कारण इथे गोष्ट आणखी नाजूक होते. आपल्याकडे तळी, विहिरी, बारवा आणि कालव्यांत जे कासव सर्रास दिसतं त्याच्या पाठीवर केराटिनच्या चकत्या नसतातच. मागच्या पायांवर झाकणासारख्या दोन मऊ झडपा असणारं, तपकिरी-हिरवट, गुळगुळीत पाठीचं हे कासव. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. त्याच्या पाठीच्या हाडावर थेट कातडी असते, ओलसर आणि चामड्यासारखी. म्हणजे बैलाच्या शिंगावर जी टोपी असते ती इथे नाहीच. आपण ज्याला कठीण पाठ समजून काठी मारतो ती उघडी त्वचा आहे. या गटातली कासवं पाण्याखाली असताना त्वचेतूनही थोडाफार प्राणवायू घेतात, इतकी ती रक्तानं भरलेली असते.

गोदावरीच्या पात्रात याच मऊ पाठीच्या गटातलं आणखी एक मोठं कासव राहतं, निल्सोनिया लीथी. ते फक्त भारताच्या दक्षिणी पठारावरच्या नद्यांत सापडतं. २०२२ साली पनामात झालेल्या सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या परिषदेत भारताच्या मागणीवरून त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात घेतलं गेलं. चकत्यांची पाठ असलेलं काळं कासवही पाणवठ्यांवर दिसतं. आणि पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव लोक चोरून विकत घेतात, घरात ठेवतात. त्याच्या पाठीचे उंचवटे आणि चांदण्या म्हणजे केराटिनच्या चकत्याच, खाली तीच जिवंत त्वचा आणि तेच हाड.

यावरून वेदनेचा प्रश्न येतोच. कवचाला भोक पाडून त्यात दोरी ओवून कासव बांधून ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे. भोक केराटिन, त्वचा आणि हाड या तिन्हींतून जातं, म्हणजे जिवंत हाडाला पाडलेलं भोक झालं. ऑइलपेंटनं नाव किंवा नक्षी काढणं वरवर निरुपद्रवी वाटतं, पण मऊ पाठीच्या कासवाच्या त्वचेतून ते रसायन आत जातं, आणि चकत्यांच्या कासवाच्या सांध्यांवर, जिथे वाढ होते तिथे, थर बसतो. लाल कानाच्या कासवांना मॉर्फिन दिल्यावर ती उष्णतेचा चटका जास्त वेळ सहन करतात असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. वेदना थांबवणारं औषध ज्याला लागू पडतं, त्याच्यात वेदनेची यंत्रणा आहे हे उघड आहे. कासवांवर शस्त्रक्रिया करणारे पशुवैद्य म्हणूनच फुटलेलं कवच सांधण्याआधी वेदनाशामक देतात.

पैशाचा पाऊस पाडायला वीस किंवा एकवीस नखांचं कासव लागतं, ही अंधश्रद्धा आपल्या जिल्ह्यांतही पोचलेली आहे, आणि तिच्यापायी कासवांचे हाल होतात. आपल्या तळ्यातल्या मऊ पाठीच्या कासवाला एका पायाला तीन, म्हणजे एकूण बारा नखं असतात. तारा कासवाला आणि काळ्या कासवाला साधारण अठरा. त्यात कुठलीही जादू नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आपलं हे तळ्यातलं कासव आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तारा कासवही त्यातच आलं. पहिल्या अनुसूचीतला प्राणी पकडणं, बाळगणं किंवा विकणं याला किमान तीन वर्षं आणि सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गाळ काढताना कासव वर आलं तर काय करायचं, हे मात्र प्रत्येक गावात माहीत असायला हवं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली सुरू झाली आणि तिचा शेतकऱ्याला फायदा आहे, त्यात वाद नाही. काम चालू असताना एकाचं लक्ष गाळावर असलं तरी पुष्कळ झालं. धडधाकट कासव असेल तर त्याच तळ्याच्या ज्या भागात काम झालेलं आहे किंवा होणार नाही, तिथे ओल्या गाळात किंवा उरलेल्या पाण्याच्या कडेला सावलीत ठेवावं. दूरच्या विहिरीत किंवा देवळाच्या कुंडात नेऊन टाकू नये, उभ्या भिंतीच्या पाण्यातून त्याला बाहेर निघता येत नाही.

बकेटचा दात लागून पाठ तडकली असेल तर ती मोडलेली बरगडी आणि उघडं पडलेलं हाड आहे असं समजून वागावं. तडकलेलं कासव पाण्यात सोडू नये, जखमेतून घाण पाणी आत जातं आणि बरगड्यांच्या लगेच खाली फुप्फुसं असतात. हळद, तेल, फेविक्विक, एमसील यातलं काहीही लावू नये. हवा खेळेल अशा खोक्यात स्वच्छ ओलसर कापडावर, सावलीत आणि शांत जागी ठेवावं. खायला घालू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि शक्य तितक्या लवकर पशुवैद्याकडे पोचवावं. कवचाचं हाड भरून यायला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त, पण वेळेत उपचार झाले तर ते भरून येतं.

उचलताना दोन्ही हातांनी, मागच्या पायांच्या थोडं पुढे, दोन्ही बाजूंनी धरावं. शेपटीला किंवा एका पायाला धरून उचलू नये, आणि पुढून धरू नये, कारण मऊ पाठीच्या कासवाची मान वाटते त्याहून खूप लांब येते आणि चावा जोरात बसतो. असं धरलं की बहुतेक वेळा मागचा पाय पुढे येऊन तुमची बोटं ढकलू लागतो. तुमचा हात त्याच्या पाठीवर नेमका कुठे आहे ते त्याला कळलेलं असतं. पकड सैल न करता, दाब न वाढवता, त्याला जमिनीजवळ ठेवूनच चालावं म्हणजे हातातून निसटलं तरी उंचावरून पडणार नाही.